हरकत कोणाची?

लिहायला बसले की मी शाळेतलं मराठी लिहिते, पण भांडायला उभी राहिले की वऱ्हाडीच तोंडातून निघते. आणि ही सगळी हकीकत भांडणाचीच आहे, त्यामुळे दोन्ही येणार. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी या वयात मी बदलणार नाही.

देऊळघाटातून बुलढाण्याकडे निघालं की थोड्या अंतरावर एक चढ लागतो. फार मोठा नाही. एसटी तो सहज चढते, मोटारसायकलवाल्याला तर कळतही नाही. पण भरलेला दहाचाकी ट्रक आला की पायथ्याशी ड्रायव्हर गिअर बदलतो, गाडी एकदा गुरगुरते आणि मागून काळाकुट्ट धूर असा सुटतो की बाप्पा! आमचं वावर नेमकं तिथंच, रस्त्याला लागून आणि रस्त्यापेक्षा जरा खाली. वर गेलेला धूर थोडा वेळ विचार करतो आणि मग आमच्याकडेच उतरतो.

मागच्या बाजूला सोयाबीन, तूर, हिवाळ्यात गहू. तो सगळा आमच्या यांचा कारभार. रस्त्याकडची पट्टी मात्र माझी. विहीर तिथंच, माती मऊ, पाणी आधी तिथं पोचतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मला तिथं नेऊन उभं केलं होतं. म्हणाल्या, "हे तुह्यं. मेथी टाक, पालक टाक, सांबार टाक. याच्यातलं कोनाले इचाराचं नाई." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना सांबार म्हटलं की इडली आठवते, त्याला मी काय करू?

तेव्हापासून मी त्या पट्टीची आणि पट्टी माझी. पहाटे जुड्या बांधायच्या, पाटी घेऊन बुलढाण्याच्या बाजारात बसायचं, दुपारी परत. बाजारात बसणं हे काही मिरवायचं काम नाही, पण मला ते फार आवडायचं. चार माणसं ओळखीची होतात, चार गोष्टी कानावर पडतात, आणि घरात कोणापुढे हात पसरावा लागत नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला दिवसभर बोलायला माणसं लागतात. ती मेथीमुळे मिळायची.

मग रस्ता रुंद झाला आणि गाड्या वाढल्या. गिट्टीचे म्हणजे खडीचे ट्रक, खताचे ट्रक, हंगामात सोयाबीनचे. पालेभाजीवर सकाळी दव असतं, दवावर काजळी बसते आणि पानाला चिकटून राहते. जुडी हौदात बुचकळून काढली तरी देठाशी काळं ते काळंच. एके दिवशी माझ्या रोजच्या गिऱ्हाईक बाईंनी मेथीची जुडी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "मावशी, हिला डिझेलचा वास येतोय हो."

"मंग काय पेट्रोलची देऊ?" मी फटकन बोलून गेले.

त्या हसल्या, पण जुडी खाली ठेवून पुढे गेल्या. मी ती उचलून वास घेतला. येत होता. इतका राग आला मला, आणि गंमत अशी की राग काढायला समोर कोणी नाही. मग दुसरी बाईही जुडी खाली ठेवू लागली, तिसरीही. पाटी अर्धी भरलेली घरी यायला लागली.

यांनी एक-दोनदा बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "यंदा पट्टीत हरभरा पेरून टाकू. दाना घाट्याच्या आत असते, धुराचं त्याले काय?" माणूस बरोबर बोलत असला की मला जास्त राग येतो. हरभरा पेरला की पट्टी पेरणीच्या तिफणीखाली गेली, यांच्या पेऱ्यात मिसळली, आणि माझं बाजारात बसणं संपलं. मग मी घरात बसून काय करायचं, टीव्हीशी भांडायचं? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. त्यांनी मान हलवली. आमचे हे कधी भांडत नाहीत, हीच त्यांच्यातली सगळ्यात चिडवणारी गोष्ट आहे.

आणि हा धूर काही परका नव्हता. त्यातला चांगला मोठा वाटा आमच्या घरचाच. माझे धाकटे दीर ट्रक चालवतात; चूल वेगळी, पण गाडी आमच्या अंगणात आणि संध्याकाळचं जेवण बरेचदा आमच्याकडेच. स्वतःची गाडी, जुनी घेतलेली, पण अशी ठेवलेली की नवरदेवाचं घोडं लाजावं. झालरी, आरसे, मागं मोठ्या अक्षरात आईचा आशीर्वाद. कधी गिट्टी, कधी मेहकरचं सोयाबीन, मिळेल तो माल. ट्रकला डिझेलचा एक पंप असतो. कंपनी तो बेतानं लावून, सील करून देते. पण बुलढाण्यातला एक मिस्त्री ते सील काढून पंप खोलून द्यायचा. म्हणजे इंजिनात डिझेल जास्त जाणार, चढावर गाडी दम धरणार, आणि न जळलेलं सगळं काळं होऊन मागून निघणार. सगळेच खोलून घ्यायचे. ड्रायव्हर लोकांत काळ्या धुराची लाज नव्हती, उलट शान होती. "काळं सोडते म्हंजे दम हाये गाडीत," असं दीर मिशीवरून हात फिरवून सांगायचे. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की रेस देऊन धुराचा एक लोट आभाळात सोडायचा आणि गल्लीनं वा वा म्हणायचं, अशी पद्धतच होती.

आमची थट्टा चालायची. चढावरून जाताना ते हॉर्न वाजवायचे आणि संध्याकाळी विचारायचे, "काय वयनी, मेथीले फोडनी बसली का नाई?"

"भाऊजी, ताटात वाढीन तवा समजन फोडनी," मी म्हणायचे.

पण पाटी परत यायला लागल्यापासून मला ही थट्टा सहन होईनाशी झाली. एकदा मी खरंच जेवणाच्या ताटात धुराची मेथी वाढली, न धुता. त्यांनी पहिला घास घेतला, थुंकला आणि उठून गेले. सासूबाईंनी ताट उचललं.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. जड डिझेल गाड्यांची धूर-तपासणी कडक करायची, नापास होईल त्या गाडीला ठरलेल्या रस्त्यांवर येऊ द्यायचं नाही, असा काही नियम व्हायचा होता. तो पक्का करण्याआधी लोकांचं ऐकून घ्यायला परिवहन खात्याचे साहेब गावात येणार होते. खाली लिहिलं होतं, 'हरकती व सूचना असल्यास सभेत मांडाव्यात.' सासूबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, त्यांनी ते शेवटचं वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला सभेतच कळला.

सभेपर्यंत घरात नुसती कुजबुज. दीर म्हणायचे, "नियम आला तं माह्यी गाडी भंगारात गेली समजा. मंग मी काय वयनीच्या बाजूले पाटी घेऊन बसू?" त्यांची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं. गाडी गेली तर त्यांच्या घरची चूल थंडावणार. पण गाडी अशीच चालली तर माझी पट्टी जाणार. एका घरात दोन्ही गोष्टी कशा राहाव्यात, हे मला काही सुचत नव्हतं. मी त्यांच्यासाठी रडलेही आणि त्यांच्यावर दातही खाल्ले, कधीकधी एकाच वेळी.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात, भर दुपारी. एकीकडे ट्रकमालक, त्यांत आमचे दीर, दुसरीकडे आम्ही भाजीवाल्या बायका आणि सासूबाई, मधे टेबलामागे साहेब. तरुण होते, शुद्ध बोलायचे, सगळ्यांना अहोजाहो करायचे. मला वाटलं, बरं झालं, हा माणूस ऐकेल.

आधी ट्रकवाले बोलले. एक वयस्क मालक उठले आणि नीट बोलले. "साहेब, माल व्यापारी भरते, घाई त्याले ऱ्हायते, अन् धूर आमच्या नावावर लागते. जुनी गाडी बंद केली तं नवी कोन देईन?" टाळ्या पडल्या. मीही वाजवणार होते, शेजारणीनं हात धरला. मग दुसरा म्हणाला, नव्या गाड्यांना धूर कमी व्हावा म्हणून युरियाही घालावा लागतो, तो खर्च वेगळा.

"काय? गाडीले युरिया?" आमच्या बाजूची एक बाई ताडकन उभी राहिली. "अन् म्हून वावराले भेटत नाई का व? सारा गाड्याइलेच पाजून राह्यले?"

वर्गात हशाच हशा. ट्रकवाले हसले, आम्ही हसलो. साहेबांनी बिचाऱ्यांनी समजावून सांगितलं की तो युरिया वेगळा, पाण्यासारखा, डब्यात मिळतो. ती बाई खाली बसली, पण तिचा काही विश्वास बसला नव्हता.

मग मी उठले. चार दिवस मनाशी घोकलेलं भाषण तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. मी थेट टेबलाशी गेले आणि पदराखालून मेथीची जुडी काढून साहेबांच्या हातात दिली. म्हटलं, "साहेब, मी काई बोलत नाई. तुमीच वास घ्या."

साहेबांनी जुडी नाकाशी नेली. एकदा, दोनदा. मग रुमाल काढून शिंकले आणि म्हणाले, "माफ करा मावशी, मला सकाळपासून फार सर्दी झाली आहे."

अग बाई! माझा पुरावा तो एवढाच. ट्रकवाल्यांच्या बाजूनं कोणीतरी "मेथी छान हाये, साहेब, घरी न्या" म्हणालं आणि पुन्हा हशा. मी जागेवर येऊन बसले. कान इतके तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. मला वाटलं, संपलं. हरभराच पेरावा लागणार.

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बरं, आणखी कोणाची हरकत आहे का?"

माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, पण उठल्या.

"हाये ना," त्या म्हणाल्या.

"सांगा आजी. कोणाची हरकत आहे? तुमची?"

"माह्यी काऊन? मी काय केलं? ह्याची हाये." आणि त्यांनी बोट केलं थेट आपल्या धाकट्या लेकाकडे.

"यांची? काय हरकत आहे यांची?"

"पंप खोलते ना साहेब थो! मिस्त्र्याकडे जाऊन सील तोडते. कंपनीवाल्यानं बराबर लावून देल्ला, तं याले दम पुरत नाई. लहानपनापासून याच्या हरकती अशाच. अन् हा एकटाच नाई," आता बोट फिरायला लागलं, "थो पाह्य, थो मांगचा, थो टोपीवाला, सारेच खोलतात."

सांगायला हवं, आमच्या घरात हरकत म्हणजे खोडी. आमच्याकडे बोलण्यात हिंदी-उर्दू मुरलेली. पोट्टे माठाला दगड मारत असले की सासूबाई ओरडायच्या, "काय हरकती करून राह्यले बे?" त्यांनी आयुष्यात हरकत या शब्दाचा दुसरा अर्थ ऐकलाच नव्हता. फळ्यावरचा कागद त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. सरकार विचारतंय, गावात खोड्या कोण करतं ते येऊन सांगा. आणि त्यांना ठाऊक होतं.

आधी हसू फुटलं. मग ज्यांच्याकडे बोट गेलं होतं त्यांचं थांबलं, आणि मग सगळ्यांचंच थांबलं. दिरांचा चेहरा पांढरा पडला होता. साहेबांनी लिहिणं बंद केलं. त्यांनी त्या वयस्क मालकांना विचारलं, "काका, खरं सांगा. पंप कंपनीच्या मापावर ठेवला तर ही गाडी एवढा धूर सोडते का?"

"नाई सोडत," मालक म्हणाले. "पन साहेब, भरती जास्त असली तं चढत बी नाई. पंप आमी बंद करू. व्यापाऱ्याले भरती कमी कर म्हनून कोन सांगन?"

आणि तिथून सभा वेगळीच झाली. तोवर सगळे एवढंच बोलत होते की जुनी गाडी मरेल की जगेल. आता माप काय, भरती किती, तपासणी कुठं आणि कितीदा, सुधारायला मुदत किती, असं बोलणं सुरू झालं. ट्रकवाले साहेबांशी वाद घालत होते, पण कामाचा वाद. एका मालकानं तर आमच्याकडे वळून विचारलं, "बाई, गाड्या सकाळच्या पारी थांबल्या, दव उतरल्यावर चढल्या, तं फरक पडन का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी ट्रकवाला मला मेथीबद्दल विचारत होता. मी इतकी भांबावले की नुसती "हाव, पडन" म्हणाले.

दीर मात्र केव्हाच उठून गेले होते.

त्यानंतर ते घरी फिरकले नाहीत. गाडी आमच्या अंगणाऐवजी दुसरीकडे लावायला लागले. जाऊबाई पाणी भरायला यायच्या त्या खाली मान घालून. सासूबाई अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. मी त्यांना हरकतीचा दुसरा अर्थ समजावून सांगितला.

"मंग सिधं 'आडकाठी' म्हना ना!" त्या म्हणाल्या. "कायले गरिबाले फसवता?" आणि थोड्या वेळानं, "पन खोटं नाई बोलली मी."

"नाई बोलल्या, आत्याबाई."

"मंग थो काऊन येत नाई?"

दिवाळी होऊन गेली. यांनी हरभऱ्याचं बियाणं आणून विहिरीजवळ ठेवलं. मी पट्टीत बसले आणि पदर तोंडात धरून रडले. पट्टी जातेय याचं रडू होतं, आणि पट्टीपायी म्हातारीचं लेकरू तुटलं याचंही.

आणि एका सकाळी दीर वावरात आले. मी पालक खुडत होते. बांधावर उभे राहिले, पांढरा शर्ट, डोळे लाल.

"वयनी, साऱ्या गावात नाक कापलं माह्यं. तुमीच शिकोलं आईले."

"मी शिकोलं असतं तं येवढं चांगलं बोलल्या असत्या का त्या?" मी म्हटलं. जिभेला हाड नाही माझ्या. पण ते हसले नाहीत.

"धूर धूर करता सारखं. असा किती येते? दाखवा मले."

"पाह्याचं हाये? उभे ऱ्हा इथी. गाडी दुसऱ्याले आनाले सांगा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि त्यांच्याही आलं असावं. इतकी वर्षं हा चढ ते चढले, पण आपल्या गाडीच्या मागे ते कधीच उभे नव्हते. चालवणारा नेहमी धुराच्या पुढे असतो. त्यांनी फोन काढला आणि अड्ड्यावरच्या एका ट्रकवाल्या साथीदाराला आपली गिट्टी भरलेली गाडी घेऊन यायला सांगितलं. आम्ही पालकाच्या वाफ्यात उभे राहिलो. मला तेव्हाही वाटत होतं की आज नेमका वारा सुटेल आणि साहेबांच्या सर्दीसारखं काहीतरी होईल.

वारा नव्हता. लांबून आवाज आला आणि दिरांचा चेहरा उजळला. "आली," ते म्हणाले. स्वतःच्या गाडीचा आवाज बाहेरून ऐकायला त्यांना आवडलं होतं. गाडी पायथ्याशी आली, गिअर पडला, आणि मग ते काळं आलं. आधी रस्त्यावर, मग बाभळीवर, मग सरळ आमच्यावर. मी सवयीनं पदर नाकाला लावला. त्यांच्याकडे पदर नव्हता. ते खोकले, वाकले, पुन्हा खोकले, बाहेर पडायला वाट शोधायला लागले. पण एकीकडे रस्ता, दुसरीकडे विहीर, जाणार कुठं?

धूर विरळ झाला तेव्हा विहिरीच्या कठड्याला धरून सासूबाई उभ्या दिसल्या. डोक्यावर भाकरीची टोपली, तोंडाला लुगड्याचा पदर, डोळ्यांतून पाणी. त्या चढाकडे बघत होत्या.

"आई?" दिरांचा आवाज बसला होता. "तू रोज अठी असते?"

"मंग कुठी असू? जुड्या कोन बांधन?" त्या खोकल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लेक समोर उभा आहे, गाडीत नाही. गोंधळल्या. "अरे, तू अठी? मंग गाडीत कोन हाये? आवाज तं तुह्याच गाडीचा होता. म्या वळखला ना. रोज वळखते. आवाज आला की उभी ऱ्हायते, म्हन्ते, चालला माहा पोरगा सुकरूप."

दिरांनी आईच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली आणि कठड्यावर तिच्याशेजारी बसले. मग शर्टाच्या बाहीनं तिचं तोंड पुसायला गेले, तर बाहीच काळी. म्हातारी हसायला लागली. मला इतकं भरून आलं की मी पाठ करून उगीचच पालक खुडत राहिले, चांगलाही आणि किडकाही.

ते त्याच दिवशी मिस्त्र्याकडे गेले. मिस्त्री म्हणाला म्हणे, "लोक खोलाले येतात, तू बंद कराले आला? तब्येत बराबर हाये ना?" पंप मापावर बसला, सील लागलं. पहिले काही दिवस दीर घरी येऊन चिडचिड करायचे. गाडी चढावर मुंगीसारखी चालते, मागचे हॉर्न वाजवतात, 'बैलगाडी आली' म्हणून चिडवतात. व्यापाऱ्याला जास्तीचा माल भरू दिला नाही म्हणून काही फेऱ्याही हातच्या गेल्या. एकदा तर त्यांनी माझ्यावर डोळे काढले, "खूश झाल्या ना आता?" मी म्हटलं, "नाई, तुमच्या फेऱ्या परत आल्या की होईन." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

हळूहळू आल्या. डिझेल कमी लागतं हे बाकीच्यांच्या कानावर गेलं. आधी त्यांचा तो साथीदार जाऊन आपल्या गाडीचा पंप मापावर लावून आला, मग सभेत बोललेले ते वयस्क मालक. सगळे नाही गेले. काही अजून काळं सोडतात आणि त्यात शान मानतात. बाहेरगावच्या गाड्यांवर तर आमचं काय चालणार? नियमाचंही अजून पक्कं झालेलं नाही. गावानं मिळून आपलं म्हणणं पाठवलंय: तपासणी कडक करा, पण जुन्या गाडीला सुधारायला मुदत द्या, आणि जास्त भरती करणाऱ्या व्यापाऱ्यालाही धरा. त्यावर ट्रकवाल्यांनीही सही केली आणि आम्हीही. सासूबाईंनी अंगठा उमटवण्याआधी दोनदा विचारून घेतलं की यात कोणाची हरकत सांगितलेली नाही ना.

पण हे सगळं पुढचं. दिरांचा पंप बसला त्या दिवसांत पट्टीचं काय? एका गाडीचा धूर कमी झाला म्हणून पट्टी वाचत नाही, हे मला कळत होतं. तपासणीचा नियम उद्या होईल की वर्षानं, कोण सांगणार? हरभऱ्याची वेळ निघून चालली होती. मी यांना म्हटलं, "उद्या तीफन लावा." त्यांनी मान हलवली. रात्री मला काही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी वावरात गेले. दिरांची गाडी चढावर वर, कडेला उभी. आणि दीर माझ्या पट्टीत, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात फावडं. वाफे पाडत होते. गाडी घेतल्यापासून या माणसानं मातीला हात लावला नव्हता. घामानं निथळत होते, तळहाताला फोड आलेले, आणि वाफे असे की एक पूर्वेला, एक विहिरीकडे, एक कुठंच नाही. आमचे हे तिफण घेऊन आले होते. त्यांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हरभऱ्याचं पोतं खांद्यावर टाकलं आणि मागच्या वावराकडे निघून गेले.

माझं तोंड काही गप्प बसेना. "हे काय वाफे हायेत का भाऊजी? पानी कुन्या रस्त्यानं जाईन याच्यातून?"

"वयनी, वाफ्याले स्टेअरिंग नाई ऱ्हायत," ते म्हणाले. मग फावडं टेकवून उभे राहिले, श्वास लागला होता. "तुमी मेथी टाका. आपल्या अड्ड्यावरच्या चार गाड्या अजून खोलेल हायेत. त्याइच्याशी मी भांडतो."

भांडण्यात जन्म गेला माझा, आणि माझ्यासाठी कोणी भांडतो म्हणालं तर एक शब्द सुचेना. वाफे वाकडेच होते. मी ओटीत बी घेतलं आणि पहिल्या वाफ्यापासून मेथी टाकायला लागले.